फाटकातल्या मम्म्या आणि कमुबेन

कमुबेनचा मला राग आहे, हे आधीच सांगून टाकते. दुसऱ्या कुणी तिला नावं ठेवली तर मी त्याची जीभ हासडीन, पण मी ठेवणार. बारा वर्षं आम्ही दोघी एकाच बालमंदिरात राबलो. ती फाटकावर, मी आत स्वयंपाकघरात. पोरांसाठी सुखडी थापायची, मुठिया वाफवायचे, बटाटे सोलायचे हे माझं काम. आणि मम्मीच्या कडेवरून पोर अलगद काढून घ्यायचं, ते रडायच्या आत त्याला चिमणी दाखवायची, हे तिचं. त्यात तिचा हात धरणारी दुसरी बाई अहमदाबादच्या अख्ख्या सॅटेलाइट भागात सापडायची नाही.

आमच्या बालमंदिरात मम्म्यांना स्वतःचं नाव नसतं. रिवानची मम्मी, कियानाची मम्मी, त्या जुळ्यांची मम्मी. नऊच्या ठोक्याला स्कूटर आणि गाड्यांची रांग लागायची आणि कमुबेन पदर खोचून फाटकात उभी राहायची. चेहरा बघावा तर असा, की हिच्याच घरी पाहुणे येतायत. मग अकरा वाजता पोरं खेळायला लागली की ती माझ्याजवळ येऊन बसायची आणि वाटाणे सोलता सोलता सगळा वृत्तांत सांगायची. रिवानच्या मम्मीनं आज केस कापलेत, मानेपर्यंत, काय दिसते गं. कियानाच्या मम्मीचा पांढरा सदरा बघितलास का, इस्त्री अशी की माशी घसरावी. एक मम्मी आली ती व्यायामाच्या कपड्यात, घामानं भिजलेली, आणि तशीच बाकीच्यांशी हसत उभी राहिली, अंग चोरलं नाही की ओढणी शोधली नाही. मी म्हणायची, पैसा असला की म्हैससुद्धा छान दिसते. त्यावर ती खवळायची.

"अगं जशीबेन, कपड्यांचं नाही," ती मला एकदा म्हणाली. "रिवानची मम्मी सकाळी नवऱ्याशी फोनवर बोलत होती. म्हणाली, नाही, आज मला जमणार नाही, तू आण त्याला. एवढंच. आणि फोन पर्समध्ये टाकला. हात कापला नाही तिचा. त्या नाही म्हणतात, आणि पुढं काही होत नाही."

ते सांगताना तिचे डोळे भरून आले होते. वेडी बाई, दुसऱ्याच्या बायकोनं नवऱ्याला नाही म्हटलं म्हणून ही रडते.

पण तिचं रडणं मला कळत होतं. कमुबेन विसनगरच्या पुढच्या एका गावची. पंधराव्या वर्षी लग्न. अकरा वर्षं सासऱ्यासमोर हनुवटीपर्यंत घुंघट. सासऱ्यानं मरेपर्यंत तिचं तोंड पाहिलं नाही, आणि शेवटचं पाणी तिनंच त्याच्या तोंडात घातलं तेव्हाही पदर वर गेला नाही. घरातल्या मोठ्या माणसांसमोर बाईनं आवाज काढायचा नाही, काही हवं असेल तर लेकराच्या नावानं भिंतीला सांगायचं. नवरा अहमदाबादला कपड्याच्या कारखान्यात लागला तेव्हा ती शहरात आली, आणि तो लवकर गेला तेव्हा फाटकावर उभी राहिली. दोन पोरं, दशरथ आणि हंसा.

आता दशरथचं सांगते. दशरथ लोडिंग रिक्षा चालवतो. दारू नाही, जुगार नाही, आईला औषध आणून देतो. पण त्याला मुलगी मिळेना. त्यांच्या जातीत मुली कमी, आणि ज्याच्या घरी मुलगी तो म्हणणार, आमची घ्या, तुमची द्या. साटंलोटं. तर गावाकडच्या एका घरची तेजल दशरथला आली आणि तेजलच्या भावाला, अमरतला, हंसा गेली. एका मांडवात दोन लग्नं. हंसा तेव्हा अठराची, दहावी झालेली, तिला पुढं नर्सिंग करायचं होतं. मी कमुबेनला म्हटलं होतं, पोरीला विचारलंस का? ती म्हणाली, विचारून काय करू, दशरथला असाच राहू देऊ का? ती बोलून गेली आणि मीही गप्प बसले. आपल्याला काय, परक्या जातीच्या पंगतीत आपण कशाला वाढायला जायचं.

हंसाचं नशीब बरं, अमरत भला निघाला. ट्रॅक्टर चालवणारा, कमी बोलणारा, शेतातून येताना हिच्यासाठी बोरं आणणारा. तिला किंजू झाली. सणाला यायची तेव्हा अंगावर तेज असायचं. घुंघट होता, पण घुंघटाआड हसतेय हे कळायचं.

आणि इकडे तेजल आली. गोरी नाही, उंच नाही, पण डोळे असे की जे दिसेल ते टिपून घेतील. नातू ध्रुव झाल्यावर कमुबेनला काय झालं कोण जाणे, संध्याकाळी घरी गेली की ती सुनेला समोर बसवून फाटकातल्या मम्म्यांची गोष्ट सांगायची. कशा चालतात, कशा बोलतात. बाकीच्या सासवा सुनेच्या डोक्यावरचा पदर ओढतात, हिनं आपल्या हातानं तो खाली केला. माझ्या घरात पदर नको, म्हणाली. रिवानच्या मम्मीनं जुने कपडे दिले, ते हिनं उसवून तेजलच्या मापाचे केले. माझ्या भाच्याची जुनी स्कूटर घेऊन, त्यांच्या चाळीजवळ वासण्याच्या मोकळ्या मैदानात तेजलला ती चालवायला शिकवली. कमुबेन ध्रुवला कडेवर घेऊन उन्हात उभी आणि ओरडतेय, पुढं बघ, पायाकडं बघू नको. दशरथला हे कळत होतं, पण आईपुढं तो कुरकुरण्यापलीकडं गेला नाही. कधीमधी हात उचलायचा, तेही आई घरात नसताना, ते आम्हाला फार उशिरा कळलं.

रिवानच्या मम्मीचं कपड्यांचं दुकान होतं. कमुबेननं फाटकातच, पोर हातात घेता घेता, सुनेसाठी शब्द टाकला. दोन महिन्यांत तेजल तिथं अशी रुळली की गिऱ्हाइकं तिचं नाव घेऊन यायला लागली. एकदा रिवानच्या मम्मीनंच तिचा फोटो काढला. निळा कुर्ता, मोकळे केस, डोक्यावर चढवलेला काळा चष्मा, कडेवर ध्रुव, आणि मान अशी ताठ की बघत राहावं. कमुबेन तो फोटो घेऊन स्वयंपाकघरात आली ती नाचतच. आमच्या फाटकात उभी केली असती तर कुणी म्हटलं नसतं की ही वासण्याच्या चाळीतली आहे.

"हंसाला पाठव," ती म्हणाली. "तिला तरी दिसू दे."

तिला फोनातलं काही येत नव्हतं. मी हातावरचं पीठ झटकलं आणि मी पाठवला. हो, मीच. कमुबेनचा राग आहे म्हणते ना मी, त्यातला अर्धा राग कुणावर आहे ते आता कळलं असेल.

आम्हा दोघींना एवढं कळायला नको होतं का? सासरी गेलेल्या मुलीचा फोन तिचा नसतो. तो खिडकीत पडलेला असतो, वाजला की जो जवळ असेल तो उचलतो. हंसा शेतात होती. फोन उचलला तिच्या सासऱ्यानं, म्हणजे तेजलच्या बापानं. आपली लेक बोडक्या डोक्यानं, चष्मा लावून, आणि खाली दुकानाचं नाव. तो तेजलला काही बोलला नाही. त्यानं दशरथला फोन लावला आणि चार माणसांत बसून विचारलं, जावईबापू, आम्ही तुम्हाला मुलगी दिली होती, ती दुकानात मांडलीत का?

त्या दिवशी दशरथ रिक्षा अर्ध्या रस्त्यात सोडून घरी आला. तेजल दुकानात निघाली होती. त्यानं तिला ध्रुवच्या समोर मारलं, पट्ट्यानं. मधे पडायला कमुबेन नव्हती, ती फाटकावर होती, कुणाच्या तरी पोराला चिमणी दाखवत. शेजारणीनं सांगितलं, तेजल ओरडली नाही. उठली, ध्रुवला उचललं, आणि दारात उभी राहून म्हणाली, नाही, आता बस. आणि गेली. दुकानाच्या वरच्या खोलीत आणखी एक मुलगी राहत होती, तिच्यासोबत राहिली.

कमुबेन दुसऱ्या दिवशी आली तेव्हा तिच्या तोंडावर मी काय पाहिलं सांगू? अभिमान. भ्यालेली होती, रात्रभर जागलेली होती, मुलाला शिव्या घालत होती, पण आत कुठंतरी अभिमान होता. "म्हणाली गं ती," मला सांगत होती, "दारात उभं राहून म्हणाली." मी म्हटलं, कमुबेन, हंसाचं काय? तेव्हा तिच्या हातातली वाटी खाली पडली. तिला आठवणच नव्हती राहिली. साट्यातली एक गाठ सुटली की दुसरी आपोआप सुटते, हे त्यांच्या जातीतल्या पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं, आणि ही विसरली होती.

दशरथनं दोनच दिवसांत सांगून टाकलं. अमरतची बहीण माझ्या घरात नांदत नसेल तर माझी बहीण त्याच्या घरात नांदणार नाही. रविवारी जीप घेऊन जातो आणि हंसाला घेऊन येतो. हंसाचा फोन आला, सासऱ्याच्या नकळत, अमरतनंच लावून दिलेला. ती फार बोलली नाही. त्यांच्यात आईला बा म्हणतात, सासूलाही. म्हणाली, बा, मी इथं सुखी आहे, मला नेऊ नका, दादाला सांग.

मग कमुबेन मला घेऊन दुकानात गेली. तेजल गिऱ्हाइकासमोर कुर्ते पसरत होती. आम्हाला बघून बाहेर आली, सासूच्या पाया पडली. गालावरचा वळ पावडरीखालून दिसत होता. कमुबेननं पदर पसरला तिच्यासमोर. माझ्या पोरीसाठी ये, म्हणाली, थोडे दिवस, मी तुझ्या आणि त्याच्या मधे झोपेन. तेजल रडली, खूप रडली. पण मान डोलावली नाही.

"नाही, बा," ती म्हणाली. "मी आले तर तो मला मारून टाकेल आणि तुम्हाला ते ठाऊक आहे. मला का सांगता? दशरथला सांगा ना. हंसाबेनला आणायला तो चाललाय, मी नाही. त्याला एकदा नाही म्हणा. मला शिकवलंत ना तुम्ही."

परत येताना आम्ही बस धरली. वासण्याला उतरल्यावर कमुबेन म्हणाली, खरं आहे तिचं.

पुढचे चार दिवस आम्ही काय केलं ते आता आठवलं की मला हसूही येतं आणि स्वतःच्या थोबाडीत मारावंसंही वाटतं. आम्ही तालीम केली. मी दशरथ व्हायची. लाटणं घेऊन कमरेवर हात ठेवायची आणि म्हणायची, हंसाला घेऊन येणार. कमुबेननं म्हणायचं, नाही, माझी मुलगी तिथं सुखी आहे, ती तिथंच राहील. पहिल्यांदा तिचं वाक्य अर्ध्यावरच तुटायचं. मग मी म्हटलं, रिवानची मम्मी हो. तेव्हा तिनं मान ताठ केली, काल्पनिक चष्मा डोक्यावर चढवला, आणि असं खणखणीत म्हणाली की बाहेरची पोरं आत डोकावली. शनिवारपर्यंत तिला सगळं पाठ झालं. घरी तिनं दशरथला सांगून पाहिलंही. तो म्हणाला, हे बायकांनी ठरवायचं नसतं, तुला काय बोलायचं ते पंचांसमोर बोल. ती मला म्हणाली, बोलेन, पण तू चल सोबत.

मी गेले. विसनगरच्या पुढं रस्ता उखडलेला, जीपमध्ये दशरथचे दोन काका, तो, आणि मागं आम्ही दोघी. गाव येईपर्यंत कमुबेन पुटपुटत होती, माझी मुलगी सुखी आहे, ती तिथंच राहील. वेस दिसली तसा तिचा हात वर गेला आणि पदर हनुवटीपर्यंत आला. मी तिच्याकडं पाहिलं. तिला स्वतःला कळलंसुद्धा नसावं.

कडुनिंबाखाली खाटा टाकल्या होत्या. त्यावर पुरुष, पाचसात म्हातारे, बशीत चहा. आम्ही बायका ओसरीत जमिनीवर. दाराच्या आड हंसा, तिच्या मांडीवर किंजू, भाजलेला खाखरा चघळत. अमरत बापाच्या खाटेमागं उभा, नजर जमिनीवर. दशरथनं त्याचं म्हणणं मांडलं. तेजलच्या बापानं सांगितलं की तेजल त्यांच्यासाठी मेली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, मग ही नात कुठं राहील? तेजलचा बाप म्हणाला, आमचं रक्त आमच्याकडं. ध्रुवला तिकडं घेऊन बसलीय ती, तो तुम्हाला मिळाला की ही पोर आईला मिळेल. दशरथनं मान डोलावली. एवढ्या सोप्या रीतीनं झालं सगळं, म्हशीचा सौदा जास्त वेळ घेतो.

तरी एक म्हातारा बरा होता. त्यानं ओसरीकडं तोंड केलं.

"विहीणबाई, मुलीची आई तुम्ही. तुमचं काय म्हणणं आहे?"

खाटांवरची डोकी ओसरीकडं वळली. दाराआडून हंसानं आईकडं पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही, मेले तरी नाही. मी कमुबेनच्या गुडघ्याला हात लावला. पदराआड तिचा श्वास ऐकू येत होता. पदर तोंडाशी आत ओढला जात होता, बाहेर येत होता. ओठ हलत होते, पातळ पदरातून मला दिसत होते, ती म्हणत होती सगळं, तेच वाक्य, पाठ केलेलं. पण आवाज नव्हता. चाळीस वर्षांत मोठ्यांसमोर त्या पदराआडून आवाज निघाला नव्हता, तो त्या दिवशीही निघाला नाही. मी बोलले असते. मी तोंड उघडलंही. दशरथचा काका म्हणाला, ही बाई आपल्यातली नाही, आणि म्हाताऱ्यानं मान वळवली. तो म्हणाला, आईची हरकत नाही असं दिसतं. चहाच्या बश्या खाली ठेवल्या गेल्या.

किंजूला तिच्या आजीनं मागच्या दारानं नेलं, वासरू दाखवते म्हणून. हंसाला तिच्या पेटीसकट जीपमध्ये बसवलं. अमरत जीपमागं पार वेशीपर्यंत चालत आला आणि मग उभा राहिला. हंसा रडली नाही. अर्ध्या वाटेवर तिनं आईचा पदर धरून मागं केला आणि विचारलं, बा, तू का बोलली नाहीस? कमुबेननं तिच्याकडं पाहिलं, आणि आता आवाज आला. खूप आला. जीप थांबवावी लागली.

त्याला आता सात महिने झाले. तेजल ध्रुवला देत नाही, आणि तिनं का द्यावा? तिचे लोक किंजूला देत नाहीत. अमरतचं दुसरं साटं ठरतंय असं ऐकते, दशरथचंही. मला दशरथचं तोंड बघवत नाही. पण गंमत बघा, तो अजूनही आईला विचारून औषध आणतो, डॉक्टरकडं नेतो, चांगला मुलगा म्हणून चाळीत नाव आहे त्याचं.

हंसाला मी बालमंदिर चालवणाऱ्या बाईंना सांगून तिथं कामाला लावलं. फाटकावर. कमुबेनला आता तिथं उभं राहवत नाही, ती माझ्याजवळ बसून भाजी निवडते. मम्म्यांचा वृत्तांत सांगत नाही. कधी फाटकात स्कूटर थांबली, मोकळे केस आणि काळा चष्मा दिसला, की तिची मान नकळत वर होते, डोळे क्षणभर लकाकतात, आणि मग ती भाजीत तोंड घालते. मला ते बघवत नाही. मी उगाच भांडी आपटते.

हंसाला पोरं सोडत नाहीत. आईच्याच हाताची आहे ती, रडायच्या आत पोर उचलते. काल एक नवी मम्मी आली, पहिलाच दिवस, दोन वर्षांची मुलगी किंजूएवढी. देखणी बाई, ताठ, हसरी. मुलगी गळ्याला घट्ट मिठी मारून बसलेली. हंसानं तिला हळूच घेतलं, कानात काहीतरी सांगितलं, आणि ती पोर हसायलाच लागली. मम्मी बघतच राहिली. मी आणि कमुबेन स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होतो.

"किती छान सांभाळतेस गं," ती मम्मी म्हणाली. "तुला आहेत का मुलं?"

हंसानं मान वर केली. आवाज कापला नाही, हात कापला नाही.

"नाही," ती म्हणाली.

आणि पोरीला घेऊन आत निघून गेली. कमुबेनच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. मी ती तिच्या हातातून घेतली आणि निवडायला बसले.